कोर्टाची पायरी आणि कायद्याची तारीख



शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण आपण सगळे लहानपणापासून ऐकत आलो आहोत. म्हण चांगली आहे, पण ती पायरी चढण्याआधीच्या माणसाला सल्ला देते. जो माणूस पायरी आधीच चढून बसला आहे, त्याच्याबद्दल ती काहीच सांगत नाही. आज आम्ही त्या माणसाविषयी बोलणार आहोत. तो कोर्टात शिरला, दावा लावला, फी भरली, आणि मध्येच सरकारने फी वाढवली. आता त्याने कुठल्या दराने भरायचं? जुन्या की नव्या?

तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या माणसाने कोर्ट फीवर बोलायचं म्हणजे जरा विचित्रच, असं काहींना वाटेल. हे काम नाझराचं किंवा कारकुनाचं, असंही कुणी म्हणेल. पण आमचा अनुभव असा की, मोठ्या तत्त्वांची परीक्षा अशा किरकोळ वाटणाऱ्या जागीच होते. ‘न्याय सर्वांना समान’ हे वाक्य सभेत उच्चारायला पैसे पडत नाहीत. कोर्टाच्या खिडकीपाशी मात्र पडतात, आणि किती पडतात हे तारखेवर ठरतं.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. भोरकडचा एक शेतकरी आहे. भावकीतला जमिनीचा वाद. त्याने फेब्रुवारीत दावा दाखल केला. एप्रिलच्या पहिल्या तारखेला फीचे नवे दर लागू झाले. दोन वर्षांनी निकाल त्याच्या विरुद्ध गेला. आता त्याला अपील करायचं आहे. त्याच्यासमोर तीन तारखा आहेत : दावा लावल्याची, निकालाची आणि अपिलाची. दर बदलला तो पहिल्या आणि दुसऱ्या तारखेच्या मधे. कायद्याने यांतली कुठली तारीख धरायची? तिन्ही तारखांच्या बाजूने काही ना काही म्हणता येतं. आणि जी धरू, तिच्यावर या माणसाचं अपील होणार की नाही हेच कदाचित ठरेल.

आता जरा मागे जाऊ.

आपल्याकडे पेशवाईतही न्यायासाठी पैसे मोजावे लागत. पण कधी? निवाडा झाल्यावर. जो जिंकला तो ‘हरकी’ देई आणि जो हरला तो ‘गुन्हेगारी’ देई. शब्द किती बोलके आहेत बघा. हरकीत हर्ष आहे, जिंकल्याचा आनंद. गुन्हेगारी म्हणजे खोट्या बाजूने उभं राहिल्याचा दंड. एल्फिन्स्टनने पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखावर १८१९ साली जो अहवाल लिहिला, त्यात या वसुलीची नोंद आहे. वि. त्र्यं. गुणे यांनी मराठ्यांच्या न्यायपद्धतीवर १९५३ साली जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यातही ती सविस्तर येते.

आम्ही त्या पद्धतीचे गोडवे गाणार नाही. रक्कम ठरवण्यात माणसाची ऐपत बघितली जाई, अधिकाऱ्याची मर्जीही चाले, आणि मर्जीचा भाव कुठल्या पत्रकात छापलेला नसतो. पण एक गोष्ट ध्यानात घ्या. पैसे शेवटी घेतले जात होते. दारात शिरताना नव्हे, बाहेर पडताना.

कंपनी सरकार आलं आणि हा क्रम उलटला. फी दारातच. आधी पैसे, मग कागद आत. आणि फी दारात आली की तारखेचा प्रश्न आलाच. कारण दर बदलेल त्या दिवशी काही लोक दाराबाहेर असणार आणि काही आत. आतल्यांचं काय करायचं?

या प्रश्नाचं सर्वांत वाईट उत्तर कंपनीने बंगालमध्ये दिलं. तो प्रसंग नीट ऐका.

१७९३ साली लॉर्ड कॉर्नवॉलिसने बंगालमध्ये आपली प्रसिद्ध नियमसंहिता आणली. त्यात दावा दाखल करण्याची फी त्याने काढूनच टाकली. लोकांनी अधिकाऱ्यांच्या दारात ताटकळू नये, कोर्टात यावं, आणि येण्याला किंमत पडू नये, असा त्यामागचा विचार. हेतू उत्तम. परिणाम काय झाला? दाव्यांचा ढीग साचला. न्यायाधीश मोजके, दावे अफाट. दोनच वर्षांत, १७९५ साली, सर जॉन शोअर गव्हर्नर जनरल असताना, ३८ वा नियम आला आणि फी परत बसली. कारण काय दिलं? क्षुल्लक आणि खोट्या दाव्यांना आळा घालायचा.

इथवर ठीक आहे. सरकारने धोरण बदललं, सरकारं बदलतातच. पण या नियमाने आणखी एक पाऊल टाकलं. ही फी फक्त नव्या दाव्यांना नव्हती. जे दावे आधीपासून पडून होते त्यांनाही ती लागू केली. ठरावीक मुदतीत पैसे भरा, नाहीतर दावा खारीज.

आता डोळ्यांसमोर आणा. एका माणसाला सरकारने १७९३ साली सांगितलं, ये, फी नाही. तो आला. त्याने कागद दिले, साक्षीदार सांगितले, वाट पाहत बसला. त्याच्या दाव्याला उशीर झाला तो त्याच्यामुळे नव्हे, कोर्टाला वेळ नव्हता म्हणून. आणि १७९५ साली तेच सरकार म्हणतं, आता पैसे काढ. अनेकांचे दावे खारीज झाले. कुणी लांबच्या गावी होता, त्याला नियम कळलाच नाही. कुणाला कळला, पण मुदतीत रक्कम उभी करता आली नाही. दप्तर हलकं झालं. १८१२ च्या ‘पाचव्या अहवाला’त आणि पुढे जेम्स मिलच्या हिंदुस्थानच्या इतिहासात या प्रकाराची चर्चा आहे.

दप्तर हलकं झालं, हे खरं. पण त्यातून खोटे दावे गेले आणि खरे राहिले, असं कशावरून? फी भरता येणं ही खरेपणाची खूण नाही, ती पैसे असण्याची खूण आहे. खोटा दावा लावणारा सावकार सुखाने फी भरेल. खऱ्या हक्काचा कूळ भरू शकणार नाही.

योगायोग बघा. याच सुमारास इंग्लंडमध्ये जेरेमी बेंथॅम याच विषयावर लिहीत होता. न्यायावरच्या करांना विरोध करणारी त्याची पुस्तिका १७९३ साली छापली गेली आणि १७९५ साली प्रसिद्ध झाली. म्हणजे ज्या वर्षी कॉर्नवॉलिसने फी काढली त्या वर्षी छापली, आणि ज्या वर्षी शोअरने ती परत बसवली त्या वर्षी बाजारात आली. बंगालशी तिचा संबंध नव्हता, पण युक्तिवाद तिथेही चपखल बसतो. बेंथॅमचं म्हणणं थोडक्यात असं : कोर्टाचा खर्च कोर्टात येणाऱ्यावर टाकणं चूक आहे, कारण कोर्ट असण्याचा सर्वांत मोठा फायदा जो कधीच कोर्टात येत नाही त्याला होतो. कोर्ट आहे म्हणून त्याच्या वाट्याला कुणी जात नाही. जो कोर्टात येतो तो आधीच संकटात आहे. त्याच्याकडून कर घेणं म्हणजे संकटावर कर घेणं.

पुढे चाळीस वर्षांनी मेकॉले हिंदुस्थानात विधिसदस्य म्हणून आला. त्याने १७९५ च्या त्या नियमाची प्रस्तावना वाचली आणि तिची कडक शब्दांत खिल्ली उडवली. इंग्रजी शिक्षणावरच्या टिपणामुळे आपण मेकॉलेवर रागावलेले असतो, आणि त्याला कारणंही आहेत. पण या बाबतीत त्याचा मुद्दा खणखणीत होता. फीमुळे अप्रामाणिक वादी जसा अडतो तसाच प्रामाणिकही अडतो. खोट्या दाव्याला अटकाव करण्याचा खरा उपाय एकच, तो म्हणजे बरोबर निकाल. खोटा दावा हमखास हरतो असं दिसलं की लोक तो लावणार नाहीत. स्वतंत्र भारतात एम. सी. सेटलवाड यांच्या अध्यक्षतेखालच्या विधी आयोगाने १९५८ च्या आपल्या चौदाव्या अहवालात कोर्ट फीचा विचार केला, तेव्हा मेकॉलेचं हेच टिपण समोर ठेवलं.

पण थांबा. बेंथॅम आणि मेकॉले यांचा रोख फी असावी की नसावी, यावर आहे. आमचा आजचा प्रश्न त्याहून अरुंद आहे. समजा फी असणारच. सरकार ती वाढवणारच. तर ती कुणाला, कुठल्या दिवसापासून?

यासाठी कायदा अंमलात येतो म्हणजे काय होतं, हे आधी पाहायला हवं. इथेही १७९३ साल येतं. इंग्लंडमध्ये त्याआधी एक अजब कल्पना चालत असे. पार्लमेंटने केलेला कायदा, त्यात दुसरी तारीख दिली नसेल तर, अधिवेशनाच्या पहिल्या दिवसापासून लागू झाला असं धरत. म्हणजे अधिवेशन जानेवारीत सुरू झालं, कायदा जूनमध्ये झाला, तरी तो जानेवारीपासून लागू! मार्चमध्ये तुम्ही जे केलंत ते जूनमध्ये बेकायदा ठरू शकत होतं, तेही मार्चपासून. १७९३ च्या एका छोट्या कायद्याने हे बंद केलं. राजाची संमती मिळाल्याची तारीख कारकुनाने कायद्यावर लिहायची आणि दुसरी तारीख दिली नसेल तर त्या दिवसापासून कायदा लागू. एका ओळीची नोंद, पण तिने माणसाला केवढं अभय दिलं!

आपल्याकडे १८९७ च्या जनरल क्लॉजेस अ‍ॅक्टमध्ये याच्याही पुढची बारकाई आहे. कायदा ज्या दिवशी लागू होतो, त्याच्या आदला दिवस संपला की लगेच तो अंमलात येतो. म्हणजे मध्यरात्री बाराच्या ठोक्याला. आपण नव्या वर्षाचं स्वागत करतो तसं. (हशा)

अमेरिकन विचारवंत लॉन फुलर याने १९६४ च्या आपल्या पुस्तकात कायदा करण्यात अपयशी ठरण्याच्या आठ वाटा सांगितल्या आहेत. त्यांतली एक म्हणजे मागे जाऊन लागू होणारे कायदे करणं. आज केलेल्या नियमाने कालचं वागणं बांधायचं, हे तर्कालाच धरून नाही, कारण काल तो नियम पाळणं कुणालाही शक्य नव्हतं. पण फुलर सरसकट बंदी सांगत नाही, हेही खरं. मागच्या तारखेने लागू होणारा कायदा कधीकधी निरुपद्रवी असतो, कधी उपकारकही.

निरुपद्रवी उदाहरण आपल्या घरातलंच आहे. मुंबई राज्याचा कोर्ट फी कायदा १९५९ चा. त्याच्या नावात ‘मुंबई’ होतं. २०१२ साली अशा अनेक जुन्या कायद्यांच्या नावांत ‘महाराष्ट्र’ घातलं गेलं, आणि ते कधीपासून? १ मे १९६० पासून. बावन्न वर्षं मागे. कुणाचं काही बिघडलं का? नाही. नाव मागे जाऊन बदललं तर कुणाच्या खिशाला हात लागत नाही. पण दर असा मागे नेता येईल का? इथे प्रश्न खिशाचा आहे, आणि खिशाहून मोठा, हक्काचा आहे.

आता आम्ही तुम्हाला चार खटले सांगतो. त्यांतून आपल्याकडचं उत्तर कसं घडलं ते दिसेल.

पहिला आहे ऑस्ट्रेलियातला. एका साखर कंपनीने क्वीन्सलंडमध्ये १९०२ साली जकात अधिकाऱ्याविरुद्ध दावा लावला. तेव्हा निकालाविरुद्ध लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडे जाण्याचा हक्क होता. दावा चालू असताना ऑगस्ट १९०३ मध्ये नवा कायदा झाला आणि ती वाट बंद झाली. त्यानंतर निकाल लागला. कंपनी प्रिव्ही कौन्सिलकडे गेलीच. विरुद्ध बाजू म्हणाली, अपील ही कार्यपद्धतीची बाब आहे, आणि कार्यपद्धती बदलली की सर्वांना बदलली. १९०५ साली लॉर्ड मॅकनॉटन यांनी हे नाकारलं. वरच्या न्यायालयात जाण्याचा हक्क हा निव्वळ पद्धतीचा भाग नाही, तो खरा हक्क आहे, आणि दावा लावला तेव्हाच तो माणसाच्या पदरात पडलेला आहे.

दुसरा आहे आपल्या विदर्भातला. तेव्हा विदर्भ मध्य प्रांत-वऱ्हाडात होता. एका व्यापारी कंपनीने नोव्हेंबर १९४७ मध्ये अकोल्याच्या विक्रीकर अधिकाऱ्याकडे विवरणपत्र भरलं. त्या वेळच्या कायद्यात अपील करताना जेवढा कर स्वतःला मान्य आहे तेवढा भरला की पुरे होतं. नोव्हेंबर १९४९ मध्ये कायदा बदलला : आता आकारलेला सगळा कर आधी भरा, मगच अपील. कंपनी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. १९५३ साली न्यायमूर्ती सुधीरंजन दास यांनी निकाल दिला. अपिलाचा हक्क काढून घेतला नाही हे खरं, पण त्याच्यावर नवं ओझं घातलं. ओझं घालणं म्हणजे हक्काला धक्का लावणंच. कायद्याने तसं स्पष्ट म्हटलेलं नसेल, किंवा त्याच्या शब्दांतून तसा अर्थ अटळपणे निघत नसेल, तर आधी सुरू झालेल्या प्रकरणांना हे नवं ओझं लागू नाही.

तिसरा खटला १९५७ चा, आंध्रातला. यात तत्त्वज्ञानाच्या माणसाला विशेष रस वाटावा असं एक सूत्र आहे. दावा लावला एप्रिल १९४९ मध्ये, रक्कम अकरा हजारांच्या वर. त्या वेळी दहा हजारांच्या वरच्या दाव्यात सर्वांत वरच्या न्यायालयात अपील जात असे. २६ जानेवारी १९५० ला संविधान आलं आणि ही मर्यादा वीस हजार झाली. मग या माणसाने काय करायचं? न्यायालय म्हणालं, दावा, अपील, दुसरं अपील या वेगळाल्या गोष्टी नाहीत. एकाच कार्यवाहीच्या त्या पायऱ्या आहेत, आतून जोडलेल्या. म्हणून दावा लागला त्या दिवशी जे अपिलाचे हक्क होते, ते सगळे त्या माणसाला त्याच दिवशी मिळाले. वापरायची वेळ नंतर येईल, पण मिळाले तेव्हाच.

एक गोष्ट काळातून जाताना ‘तीच’ कशी राहते, यावर तत्त्वज्ञांनी शतकानुशतकं डोकं घासलं आहे. पंढरपूरची चंद्रभागा काल होती तीच आजची का, पाणी तर वेगळं आहे! कोर्टाने दाव्यापुरतं याचं उत्तर दिलं : उगम एक, म्हणून नदी एक.

चौथा खटला थेट आपल्या विषयाचा, आणि थेट मुंबईचा. मुंबई राज्याने कोर्ट फी कायद्यात दुरुस्ती केली, ती १ एप्रिल १९५४ पासून लागू झाली. चित्रपट व्यवसायातल्या एका कंपनीचा दावा त्याआधीचा होता, अपील नंतरचं. फी नव्या दराने मागितली गेली, आणि ती आधीपेक्षा जास्त होती. मुंबई सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. सरकारचं म्हणणं काहीसं सरळच होतं : फी ही अपील देतानाची बाब, तेव्हा त्या दिवशीचा दर. १९६० साली न्यायालयाने ते मान्य केलं नाही. जास्त फी म्हणजे अपिलावर घातलेली जास्त जड अट. ती दाव्याच्या तारखेला जो हक्क मिळाला त्याला बाधा आणते. कायद्याने स्पष्टपणे मागे जाण्याचं म्हटलेलं नाही, म्हणून जुना दर.

तर आमच्या भोरच्या शेतकऱ्याला उत्तर मिळालं. तीन तारखांतली पहिली धरायची. त्याने फेब्रुवारीत पायरी चढली, त्या दिवशीचा भाव त्याला शेवटपर्यंत.

१७९५ आणि १९६० यांची तुलना करा. दोन्ही ठिकाणी फी वाढली, दोन्ही ठिकाणी कारणं दिली गेली. फरक एकाच जागी आहे. १७९५ ने आत बसलेल्या माणसाला नवखा ठरवलं. १९६० ने त्याला आत आलेला मानलं. पहिल्यात सरकारने माणसाला बोलावून घेतलं आणि मग शब्द फिरवला. दुसऱ्यात न्यायालयाने सरकारला सांगितलं, तो आला तेव्हा जे सांगितलं होतं ते पाळा. आमच्या मते, अंमलबजावणीची तारीख ठरवणं म्हणजे दिलेला शब्द कुठवर पाळायचा, हे ठरवणं. आज एवढंच मुख्य सांगायचं होतं.

पण एवढ्यावर खूश होऊन घरी जाऊ नका. या उत्तराला तीन मोठी भोकं आहेत, आणि ती प्रामाणिकपणे सांगायला हवीत.

पहिलं. ‘कायद्याने स्पष्ट म्हटलं नसेल तर’, हे शब्द आठवा. विधिमंडळाने स्पष्ट म्हटलं की जुन्या दाव्यांनाही नवी फी, तर हा नियम आडवा येत नाही. मग संविधानाच्या कसोट्या उरतात, पण ती वेगळी आणि लांबची लढाई. म्हणजे हे अभय न्यायालयाच्या अर्थ लावण्यातून आलेलं आहे. विधिमंडळाला मोकळीक आहेच. फक्त शब्द मोडायचा असेल तर तो उघडपणे मोडावा लागतो, गुपचूप नाही. उघडपणे मोडायची लाज वाटते, हेही थोडकं नाही.

दुसरं. हा नियम ज्यांनी मिळवला ते कोण होते? साखर कंपनी, व्यापारी कंपनी, चित्रपट कंपनी. ज्यांना वकील परवडत होते आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाणं परवडत होतं. नियम मात्र सगळ्यांचा झाला, ही आनंदाची गोष्ट. पण भोरच्या शेतकऱ्याला तो माहीत आहे का? खिडकीवर त्याला नवा दर सांगितला तर तो १९६० चा निकाल थोडाच काढून दाखवणार आहे? तो एक तर भरेल, नाहीतर परत जाईल. हक्क पुस्तकात असणं आणि माणसाच्या हातात असणं, यात मोठं अंतर आहे.

तिसरं आणि सर्वांत अवघड. हा नियम आत आलेल्यांना सांभाळतो. पायरीवर उभ्या असलेल्यांना नाही. ३१ मार्चला आलेला आणि १ एप्रिलला आलेला, दोघांचं दुःख सारखं, कागद सारखे. मध्ये फक्त एक मध्यरात्र. कुठे तरी रेघ ओढावी लागते, हे मान्य. पण रेघ कुठे ओढायची, यामागे कुणाची सोय आहे हे बघा. १८७० चा कोर्ट फी कायदा लागू झाला १ एप्रिलला. १९५४ ची दुरुस्तीही १ एप्रिलला. ही तारीख १८६७ पासून सरकारच्या हिशोबी वर्षाची पहिली तारीख आहे. म्हणजे तारीख निवडताना खजिन्याच्या वहीकडे लक्ष होतं, असं म्हटलं तर फारसं चुकणार नाही.

अलीकडचं उदाहरण घ्यायचं तर महाराष्ट्रात १६ जानेवारी २०१८ पासून नवे दर आले. एका दाव्यावरची फीची कमाल मर्यादा तीन लाखांवरून दहा लाखांवर गेली. १९५९ च्या कायद्यात ती मर्यादा पंधरा हजार होती. पंधरा जानेवारीला दावा लावणारा आणि सोळाला लावणारा यांच्यात केवढं अंतर पडलं असेल, हे मोठ्या रकमेच्या वादात सहज कळेल.

मग या तिसऱ्या भोकाला काही इलाज आहे का? आम्हाला दोन दिसतात, आणि दोन्हींची बीजं आपल्याच कायद्यात आहेत.

एक म्हणजे आधी सांगणं. कायदा राजपत्रात छापला की सर्वांना कळला, असं कायदा धरून चालतो. प्रत्यक्षात राजपत्र कोण वाचतं? म्हणून दर जाहीर होणं आणि लागू होणं यांत पुरेसं अंतर हवं, आणि ती तारीख प्रत्येक कोर्टाच्या फलकावर मराठीत, ठळक अक्षरात हवी. यावर कुणी म्हणेल, मग लोक आधीच धावतील, जुन्या दराने दावे लावून टाकतील. लावू देत की! जो कळल्यामुळे आधी आला, त्याने काही लबाडी केली नाही. १७९५ च्या माणसाला हीच संधी नव्हती. तो तर आधीच आला होता.

दुसरा इलाज म्हणजे सवलतीची वेळ. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम १४९ बघा. फी कमी पडली तर न्यायालय ती नंतर भरायची परवानगी देऊ शकतं, आणि भरली की तो कागद पहिल्या दिवशीच पूर्ण फीनिशी दिला होता असं मानलं जातं. म्हणजे कायद्याला मागे जाता येतं, माणसाच्या भल्यासाठी! निर्धनांसाठी ३३ वा आदेश आहे, त्यात फीविना दावा लावता येतो. तिथे आधी ‘पॉपर’ असा शब्द होता, १९७६ च्या दुरुस्तीने तो बदलला. आणि महाराष्ट्र सरकारने १ ऑक्टोबर १९९४ च्या अधिसूचनेने मालमत्ता, पोटगी, हिंसा, घटस्फोट अशा प्रकरणांत स्त्रियांना कोर्ट फी माफ केली. दर वाढवण्याची ताकद ज्या कायद्यात आहे, त्यातच माफीचीही ताकद आहे.

इथे एक उलटा प्रश्न उभा राहतो. ३० सप्टेंबर १९९४ ला जिने फी भरून दावा लावला, तिचं काय? शब्द पाळायचा म्हटलं तर तिला दिलेल्या शब्दात माफी नव्हती. पण ओझं मागे नेणं आणि माफी मागे नेणं, या दोन गोष्टी एका तराजूत घालता येत नाहीत, असं आम्हाला वाटतं. ओझं मागे नेलं तर विश्वासघात होतो. माफी मागे नेली तर कुणाचा विश्वास मोडतो? सरकारच्या तिजोरीला थोडी झळ बसेल, एवढंच. ती सोसायची की नाही, हा हिशोबाचा प्रश्न आहे. आधीचा हिशोबाचा नव्हता.

तर मित्रहो, पुढच्या वेळी एखाद्या कायद्याच्या शेवटी ‘हा अमुक तारखेपासून अंमलात येईल’ अशी कोरडी ओळ दिसली, तर ती सोडून पुढे जाऊ नका. तिथे थांबा आणि दोन प्रश्न विचारा. या तारखेला दाराच्या आत कोण बसलं होतं? आणि जो बाहेर होता, त्याला आधी कुणी सांगितलं होतं का?

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हे ठीकच. पण जो नाइलाजाने चढला, त्याच्या पायाखालची पायरी मध्येच उंच होऊ नये, एवढं तरी शहाणपण कायदा करणाऱ्यांकडे असावं.